वालुकाश्मातली छिद्रं निळी करून देणारी कार्यशाळा

गेल्या दोन वर्षांत नागपूरच्या या कार्यशाळेकडून मी खडकांचे ४१ पातळ काप करून घेतले. त्यातले ३४ निळ्या राळेचे, ७ साधे. पाचपैकी साडेचार तारे देते आहे. अर्धा का कापला तेही पुढे लिहिलं आहे. या कामाबद्दल मराठीत लिहिलेलं सहसा काही सापडत नाही. एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी विचारतात, "मॅडम, काप कुठून करून घेऊ?" आणि मी फोनवर तेच ते सांगत राहते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी चंद्रपूरला भूविज्ञान शिकवते. शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासच्या गावांना विहिरीची, बोअरची जागा दाखवायला जाते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा, त्यामुळे पुण्या-मुंबईकडे खडक म्हटलं की काळा कातळच डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडचं वेगळं आहे. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा ज्या बराकार थरांत सापडतो, त्यांच्या वर कामठी वालुकाश्म बसला आहे. तांबूस, भरड, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू. नाव पडलं नागपूरशेजारच्या कामठीवरून. हातात घेऊन चोळला तर बोटांना वाळू लागते. गावांचं पाणी याच्याच पोटात असतं, वाळूच्या कणांमधल्या जागेत.

ही जागा दिसायला कापच लागतो. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवायची आणि घासत घासत ३० मायक्रॉनवर आणायची, म्हणजे ०.०३ मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या साधारण एक तृतीयांश. एवढा पातळ झाला की दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण वेगळा होतो. जाडी बरोबर आहे का हे क्वार्ट्झच, म्हणजे वाळूतली गारगोटीच सांगते: सूक्ष्मदर्शकातल्या दोन ध्रुवकांमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या चकत्यांमध्ये, क्वार्ट्झ राखाडी-पांढरा दिसायला हवा. पिवळा, नारिंगी दिसला तर काप जाड राहिला.

आता माझी चूक सांगते, कारण या कार्यशाळेची किंमत मला तिच्यामुळे कळली.

तीन वर्षांपूर्वी दोन गावांचं काम माझ्याकडे होतं. गावं एकमेकांपासून चार किलोमीटरवर, खडक एकच, बोअरची खोलीही जवळपास सारखी. पहिल्या गावात पंप सलग चार तास चालायचा. दुसऱ्या गावात वीस मिनिटांत हवा मारायला लागायचा. दुसऱ्या गावातल्या लोकांना आणखी एक बोअर घ्यायची होती आणि त्यांनी मला विचारलं. मी तिथल्या अर्धवट खोदलेल्या विहिरीतून, १० मीटर खोलीवरचे ताजे दगड काढले आणि दुसऱ्या एका ठिकाणाहून काप करून घेतले. साधे काप, बिनरंगी राळेत चिकटवलेले. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० बिंदू मोजले. त्यातले १०८ मोकळ्या जागेवर पडले. २७ टक्के! पहिल्या गावापेक्षाही जास्त. मी गावाला सांगितलं, खडक चांगला आहे, पहिली बोअर खोदल्यावर कदाचित नीट धुऊन मोकळी केलेली नाही, दुसरी घ्या. लोकांनी वर्गणी काढली. दुसरी बोअरही वीस मिनिटांचीच निघाली.

त्या दिवशी बोअरपाशी उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे मला अजून दिसतात. कुणी एक शब्द बोललं नाही. मी घरी येऊन तेच काप पुन्हा पाहिले आणि मला पुन्हा २७ टक्केच मिळाले.

मग एका सहकाऱ्याने या कार्यशाळेचं नाव सांगितलं. त्याच विहिरीतले उरलेले दगड मी नागपूरला घेऊन गेले आणि सोबत जुने कापही नेले. इथले काका, वयाने साठीच्या पुढचे, जुना काप उजेडाकडे धरून नुसत्या भिंगाने पाहत म्हणाले, "मॅडम, हे भोक नाही ना, कण निघून गेला हो. काठ पाहा त्याचा." खरोखरच, ज्याला मी छिद्र समजत होते त्याची कड वाळूच्या गोलसर कणासारखी होती. घासताना सैल कण उपटून निघाला होता आणि त्याची जागा रिकामी दिसत होती. काही ठिकाणी तर कार्बोरंडमची, म्हणजे घासायला वापरतात ती काळी पूडही खळग्यात अडकलेली होती. मी खडकातली पोकळी मोजत नव्हते. कापणाऱ्याच्या हाताने पाडलेली भोकं मोजत होते.

निळी राळ इथेच कामाला येते. दगड घासायच्या आधीच त्याच्या छिद्रांत निळा रंग मिसळलेली पातळ इपॉक्सी राळ भरायची आणि ती घट्ट होऊ द्यायची. मग कापा, घासा, काहीही करा, खडकात जी जागा आधीपासून होती ती निळी दिसणार. घासताना कण निघाला तर ती जागा बिनरंगी राहणार. निळाच का, तर वालुकाश्मात निळं खनिज सहसा नसतं, म्हणून गोंधळ होत नाही. काकांचं वाक्य मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे: "निळं नाही, तर मानू नका."

राळ भरण्याचं काम मी तिथे बसून पूर्ण पाहिलं आहे. आधी दगडाची छोटी वीट करवतीने कापतात. आमचा दगड ठिसूळ आणि त्यात चिकणमातीची खनिजं, म्हणून कापताना पाणी वापरत नाहीत, केरोसीन वापरतात. काही चिकणमात्या पाण्याने फुगतात आणि छिद्रांचं रूपच बदलून जातं. मग भट्टीत वाळवतात, पण ६० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. मी विचारलं, घाई असेल तर १०५ वर ठेवलं तर? काकांनी मान हलवली. जास्त तापवलं की चिकणमातीतलं पाणी निघून ती आक्रसते आणि जिथे भेग नव्हती तिथे भेग दिसते. दोन दिवस वाळल्यावर वीट काचेच्या भांड्यात, झाकण घट्ट, आणि निर्वात पंप चालू. हवा निघून गेल्यावर वरून हळूहळू राळ सोडतात. तेव्हा दगडातून बुडबुडे असे वर येतात की दूध उकळतं आहे असं वाटावं. बुडबुडे थांबेपर्यंत तिथून कुणी हलत नाही. मग हवा आत सोडली की बाहेरचा दाब राळेला दगडाच्या आत ढकलतो. रात्रभर ठेवतात. सकाळी पहिला काप घेतल्यावर उघड्या पडलेल्या बाजूला पुन्हा एकदा राळ चोपडतात, कारण पहिल्या वेळी आत न पोचलेले कोपरे तिथे सापडतात. ही दुसरी वेळ बऱ्याच ठिकाणी गाळली जाते. शेवटचं घासणं एक तरुण मुलगी हाताने करते, काचेच्या पाटावर, १००० नंबरच्या पुडीने. दर काही फेऱ्यांनी काप उचलून सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि क्वार्ट्झचा पिवळा गेला की थांबते. यंत्र आहे त्यांच्याकडे, पण शेवटचे २० मायक्रॉन यंत्रावर सोडत नाहीत.

आता निळ्या कापांत काय दिसलं ते सांगते. त्याआधी संत्र्यांबद्दल थोडं.

नागपूरच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची रास बघा. एकाच मापाची संत्री बरोबर एकावर एक, सरळ उभ्या ओळींत रचली तर राशीतली ४७.६ टक्के जागा रिकामी असते. खाली तीन आणि त्यांच्या खाचेत एक, अशी घट्ट रचली तर रिकामी जागा २६ टक्क्यांच्या किंचित खाली येते. गंमत अशी की संत्र्याऐवजी लिंबं घेतली तरी आकडे तेच राहतात. कणाच्या मापाशी या टक्क्याचा संबंध नाही, रचनेशी आहे. ग्रॅटन आणि फ्रेझर या दोघांनी १९३५ मध्ये गोळ्यांच्या अशा रचनांचा पद्धतशीर हिशेब मांडला होता. विद्यार्थी इथे नेहमी फसतात: बारीक वाळू आणि भरड वाळू यांची सच्छिद्रता, म्हणजे रिकाम्या जागेचा टक्का, सारखी, तर मग पाणी सारखंच सुटायला हवं ना?

नाही सुटत. कारण पाणी टक्क्यातून जात नाही, बोळातून जातं. जुन्या वाड्यासारखं समजा. चार-सहा कणांच्या मध्ये जी ऐसपैस पोकळी असते तो चौक. एका चौकातून दुसऱ्या चौकात जायला जिथे तीन किंवा चार कण जवळ येतात ती अरुंद फट म्हणजे बोळ. सात सेंटिमीटरच्या संत्र्यांच्या सैल राशीत चौकात पाच सेंटिमीटरची गोटी राहील, पण बोळातून २.९ सेंटिमीटरहून मोठी जाणार नाही. घट्ट राशीत बोळ १.१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे रिकामी जागा निम्म्याच्या जरा वर उरली, आणि बोळाची रुंदी मात्र चाळीस टक्क्यांहूनही खाली गेली. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम असा की रुंदी निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्या हिशेबाने घट्ट राशीतल्या एका बोळातून सैल राशीतल्या बोळाच्या सुमारे पन्नासावा हिस्सा पाणी जाईल. दार्सीने १८५६ मध्ये दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूच्या नळकांड्यातून पाणी किती जातं ते मोजलं आणि पार्यतेचं, म्हणजे खडकातून पाणी किती सहज जातं याचं, सगळं शास्त्र तिथून सुरू झालं. त्याला आतले बोळ दिसत नव्हते. आपल्याला दिसतात, फक्त काप धड हवा.

आणि खरी वाळू संत्र्यांसारखी एकमापी कुठे असते! मोठ्या कणांच्या चौकात छोटे कण येऊन बसतात. वरच्या थरांच्या ओझ्याखाली अभ्रकाची पानं वाकतात, मऊ कण चेंगरतात. क्वार्ट्झच्या कणांवर नवा क्वार्ट्झ वाढतो आणि मूळ कणाची कड आत धुळीच्या रेघेसारखी उरते. लोहाचे तांबडे लेप चढतात. या प्रत्येकाचा पहिला घाव बोळावर पडतो, चौक नंतर भरतो. म्हणून टक्का थोडाच घटतो आणि पाणी मात्र अडतं.

पहिल्या गावाचा काप पाहिला तेव्हा मी पंधरा मिनिटं डोळा काढला नाही. निळं सगळीकडे. कणांच्या कडांवर लोहाचा पातळ लेप, पण बोळ मोकळे. निळी रेघ एका चौकातून निघून तीन-चार कणांना वळसा घालत दृश्याच्या पलीकडे जात होती. मोजणी आली १८ टक्के. त्याच दगडाची, छिद्रांत हेलियम वायू भरून मोजलेली सच्छिद्रता १९. दोन्ही आकडे जुळले.

दुसऱ्या गावाचा काप अगदी निराळा. मोठमोठे निळे चौक होते, पहिल्या गावापेक्षाही मोठे, कणापेक्षा मोठे. त्यांच्यात फेल्डस्पार या खनिजाचे कुरतडलेले सांगाडे लटकत होते. म्हणजे मूळ कणच विरघळून गेला होता आणि त्याची जागा मागे राहिली होती. पण त्या चौकांभोवतीचे बोळ पाहिले, तर त्यांत केओलिनाइट, म्हणजे एक चिकणमातीचं खनिज, गच्च भरलेलं. मोठ्या भिंगाखाली त्याच्या बारीक चकत्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. फेल्डस्पार विरघळला, त्याच्यातूनच केओलिनाइट तयार झालं आणि शेजारच्या बोळात जाऊन बसलं. चौक उघडला आणि त्याच मालाने दार बंद झालं. निळ्या कापावर मोजणी आली १५ टक्के, हेलियमने १७.५. हा अडीच टक्क्यांचा फरक कुठे गेला हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. तो केओलिनाइटच्या पानापानांमध्ये होता. हेलियम तिथे शिरतो, पण ती जागा इतकी बारीक की कापात वेगळी मोजता येत नाही. फार तर फिकट निळी झाक दिसते. तिथलं पाणी असतं खरं, पण पंपाने ओढून हलत नाही.

म्हणजे माझे जुने २७ टक्के दोनदा चुकीचे होते. एक तर त्यात निघालेल्या कणांची भोकं धरली होती. आणि ती नसती धरली, तरी टक्का बघून मी बोळांबद्दल बोलले होते, हे जास्त चुकलं. बोअरचं पाणी भेगांवर, थराच्या जाडीवर, पुनर्भरणावरही ठरतं, हे मला माहीत आहे. पण या दोन गावांत भेगा दोन्हीकडे विरळ होत्या आणि थर एकच होता. फरक बोळांत होता.

काप चांगला असला तरी त्याची मर्यादा आहे, आणि कार्यशाळेने ती स्वतःहून सांगितली, हे मला आवडलं. काप म्हणजे सपाट पातळी. देलेस नावाच्या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १८४७ मध्ये दाखवलं की कापावरचं क्षेत्रफळाचं प्रमाण हेच खडकातल्या घनफळाचं प्रमाण असतं. म्हणून टक्का कापावरून मिळतो. पण जोडणी मिळत नाही. कापात वेगळे दिसणारे दोन चौक कापाच्या वर किंवा खाली जोडलेले असू शकतात. कण तर कापात बहुतेक वेळा अधांतरी तरंगताना दिसतात, एकमेकांना टेकलेले दिसतच नाहीत, आणि प्रत्यक्षात खडक उभा आहे तो त्या टेकण्यावरच. शिवाय कापणारी पातळी बोळाच्या बरोबर मधून जाणं हा योग असतो. म्हणून एका दगडाचे तीन दिशांनी तीन काप घ्या. मी दोन थराला लंब आणि एक समांतर घेते. थराच्या दिशेने पाणी जास्त सहज जातं आणि हे कापांतही दिसतं: चपटे कण आडवे निजलेले, निळं आडवं पसरलेलं.

जोडणी प्रत्यक्ष बघायची असेल तर या कार्यशाळेत एक वेगळी गोष्ट करून मिळते. दरपत्रकात ती नाही, विचारावी लागते. माझ्या एका विद्यार्थ्याने गुजरातहून पोरबंदरचा दगड आणला होता. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारतींत हाच दगड लागला आहे. तो चुनखडक आहे, वाऱ्याने आणून टाकलेल्या चुनकणांचा आणि सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा. सुपारीएवढा तुकडा काकांनी निळ्या राळेने भरला, घट्ट होऊ दिला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडला. फेस येत राहिला, आम्ल दोनदा बदललं, चुना सगळा विरघळून गेला. भांड्यात उरली ती निळी राळ, म्हणजे खडकातली नुसती रिकामी जागा. दगड नाही आणि त्याच्या आतली वाट मात्र जशीच्या तशी हातात! गोलसर कणांचे साचे सगळीकडे उमटलेले, मध्ये फुगीर चौक आणि त्यांना जोडणारे, धाग्यासारखे बारीक बोळ. चिमट्याने उचलताना एक बोळ तुटला आणि त्या मुलाने जो श्वास रोखला तो मी कधी विसरणार नाही. हा नमुना मी काचेच्या डबीत ठेवला आहे आणि पहिल्या तासाला प्रत्येक वर्गाला दाखवते. आमच्या वालुकाश्मावर हे इथे होत नाही, कारण क्वार्ट्झ विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं आणि ते वापरायला कार्यशाळेने स्वच्छ नकार दिला. नकार योग्य आहे. ते आम्ल हाडापर्यंत जातं, त्याच्याशी खेळ नको.

बेसाल्टवाल्यांसाठीही एक सांगते. सात साध्या कापांबरोबर मी एकदा सच्छिद्र बेसाल्टचा तुकडाही निळ्या राळेत घालून पाहिला. हाताला मोठमोठी भोकं लागत होती. काप आला तर कडेची दोन भोकं तेवढी निळी, आतली सगळी बिनरंगी. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे ते, एकेक सुटा, बोळच नाहीत. राळ आत जाणार कुठून? गाळाच्या खडकात कण आधी येतात आणि जागा त्यांच्या मध्ये उरते, म्हणून ती बहुधा जोडलेली असते. माझ्या त्या तुकड्यात एकेक बुडबुडा आपापल्या जागी थिजला होता.

आता तक्रारी.

वेळ. सांगतात तीन आठवडे. जुलै-ऑगस्टमध्ये खरंच तीन आठवड्यांत मिळाले. जानेवारी-फेब्रुवारीत विद्यापीठांच्या प्रबंधांचे दगड एकदम येतात आणि तेव्हा मला सहा आठवडे लागले. फोन केला तर उत्तर मिळतं, पण स्वतःहून कळवत नाहीत. मुलांच्या सबमिशनच्या तारखा असतात, एक मेसेज टाकायला हवा. अर्धा तारा याचाच.

३४ पैकी तीन निळ्या कापांत हवेचे बुडबुडे राहिले होते. ते ओळखू येतात, काळ्या जाड कडेचे अगदी गोल ठिपके, निळ्याच्या मधोमध. दोन पुन्हा करून दिले, पैसे घेतले नाहीत. तिसऱ्याचा दगडच उरला नव्हता, त्यात चूक माझी. एक काप एका कडेला जाड होता, क्वार्ट्झ तिथे पिवळसर. मी तो बदलायला दिला नाही, तेवढी कड सोडून मोजते.

दर: साधा काप ६५० रुपये, निळा ९५०. पोरबंदरच्या साच्याचे वेगळे १५०० घेतले. निळ्याचे तीनशे जास्त वाटतील, पण गावाच्या एका फुकट गेलेल्या बोअरशी तुलना करा. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र दाखवलं तर थोडी सूट मिळते, मात्र ती मागावी लागते.

पाठवणी उत्तम. काचपट्ट्या खाचांच्या प्लास्टिक डबीत, वर स्पंज, बाहेर पुठ्ठ्याचा खोका. आजवर एकही फुटली नाही. क्रमांक हिऱ्याच्या लेखणीने काचेवरच कोरलेला असतो, कागदी चिठ्ठी नाही, त्यामुळे केरोसीन किंवा आम्ल लागलं तरी पुसत नाही. आणि उरलेली दगडाची वीट परत देतात. ही सवय सगळीकडे नसते. वीट हातात असली की वर्षभरानंतरही नवा काप घेता येतो.

दगड पाठवणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी. उन्हापावसात उघडा पडलेला दगड देऊ नका. त्याची छिद्रं हवामानाने बदललेली असतात, विहिरीतला ताजा द्या. दगडावर पक्क्या शाईने बाण काढा, वरची बाजू कुठली ते. वर झाकणकाच हवी की नको ते आधीच लिहून कळवा: पुढे रंजकाने कॅल्साइट ओळखायचा असेल किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा असेल तर झाकणकाच नको. आणि दगडात इलाइट या चिकणमातीच्या खनिजाचे केसासारखे तंतू असण्याची शंका असेल तर तेही सांगा. हे तंतू बोळात जाळं धरतात आणि हवेवर वाळताना भिंतीला चिकटून बसतात. मग कापात बोळ मोकळा दिसतो आणि जमिनीत तो अडलेला असतो. त्याला वेगळ्या तऱ्हेने वाळवावं लागतं आणि ती सोय इथे नाही. काकांनी मला हे पहिल्याच भेटीत सांगितलं.

दुसऱ्या गावाचं पुढे काय झालं, असं विद्यार्थी विचारतात. निळे काप घेऊन मी सरपंचांकडे गेले, सूक्ष्मदर्शकही नेला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. आधी पहिल्या गावाचा काप दाखवला, मग त्यांचा. माझी चूक काय झाली तेही सांगितलं. एका आजीने बराच वेळ भिंगात पाहिलं आणि विचारलं, "मंग पानी हाये, पन वाट नाही?" मी हो म्हटलं. बंद बोळांच्या खडकात बोअर घेऊन उपयोग नसतो. तिथे रुंद विहीर लागते, म्हणजे चारी बाजूंनी पाझरणाऱ्या थेंबांना रात्रभर साठायला जागा मिळते. त्यांची अर्धवट विहीर होतीच. ग्रामपंचायतीने ती सहा मीटर रुंद आणि १४ मीटर खोल केली. गेल्या मे महिन्यात सकाळी तिच्यात पुरुषभर पाणी असायचं, दुपारपर्यंत उपसून व्हायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढंच.

खोदताना १२ मीटरवर एक भरड थर लागला, हातभर जाडीचा. भिंतीच्या त्या पट्ट्यातून पाणी जास्त पाझरतं, डोळ्यांना दिसतं. त्याचे सहा दगड वाळवून, बाण काढून, क्रमांक घालून ठेवले आहेत. या गुरुवारी नागपूरला जाते आहे, तेव्हा देईन. सगळे निळेच करायचे आहेत.